मऊ शिसं

शिसं वितळलं की आधी त्यावर साय धरते. राखाडी, सुरकुतलेली, थेट दुधावरच्या सायीसारखी. ती पळीनं बाजूला सारायची आणि मेणाचा एक खडा आत टाकायचा. मेण भपकन पेटतं, भांड्यावर पिवळी ज्योत नाचते, आणि ती विझली की खाली आरसा उरतो. गेल्या नोव्हेंबरात हार्लेमच्या बाहेर, हेंकच्या शेडमध्ये मी त्या आरशावर वाकले होते. दार सताड उघडं होतं, बाहेर कालव्यावर धुकं होतं, आणि तो वास माझ्या नाकात शिरला. मेण, धूर, तापलेलं लोखंड. अठ्ठावीस वर्षांत तो मला कुठेच भेटला नव्हता. मी पळी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन सायकलीशेजारी उभी राहिले.

हेंकला वाटलं, धुराचा त्रास झाला. त्यानं पाणी आणून दिलं. धुरानं मला काही झालं नव्हतं. मला राग आला होता. इतका जुना आणि इतका ताजा.

हेंक मला अ‍ॅमस्टेलव्हीनच्या लायब्ररीत भेटला. नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या नोकरीमागून मी इथे आले त्याला तेरा वर्षं झाली. आता मी स्वतः एका फिजिओथेरपिस्टकडे अर्धवेळ काम करते, पण डच अजून अडखळतच बोलते. म्हणून दर मंगळवारी सकाळी लायब्ररीतल्या गप्पांच्या टेबलाशी जाऊन बसायचे. हेंक तिथला स्वयंसेवक, निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेला. एकदा विषय होता, वडिलांविषयी पाच वाक्यं. मी तुटक डचमध्ये सांगितलं की माझ्या वडिलांकडे बंदूक होती आणि तिच्यात पुढून, नळीच्या तोंडातून दारू भरायची. बाकीच्या बायका दचकल्या. हेंक मात्र खुर्ची ओढून जवळ आला. तो नेमबाजी क्लबातल्या जुन्या बंदुकांच्या गटात होता. गोळ्या वडील स्वतः ओतायचे का, असं त्यानं विचारलं.

"मी ओतायचे," मी म्हटलं.

तळकोकणातल्या आमच्या गावात बाबांना सगळे तात्या म्हणत. रानडुकरं रताळ्याचा मळा नांगरून टाकायची, म्हणून शेतीच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात झोडून झालं, गवताच्या उडव्या रचल्या, की ते मांगरात शिरत. मांगर म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावरचं गवतानं शाकारलेलं खोपट. एरवी तिथे नांगर, जू, सुपाऱ्यांची पोती असत. थंडीचे दोन महिने मात्र तो आमचा कारखाना होता, बाबांचा आणि माझा. मी कुडाळला कॉलेजात होते. सुट्टी लागली की मैत्रिणी सिनेमाला जात, आणि मी एसटी पकडून शिसं वितळवायला घरी येई.

शिसं जाळ्यांचं. बंदरावरच्या मासेमारांकडून तुटक्या जाळ्यांची वजनं यायची, खाऱ्या वासाची, कधी त्यांना वाळका खवला चिकटलेला. बाबा प्रत्येक तुकड्यावर नख ओढून पाहत. ओरखडा उठला तर शिसं मऊ, चांगलं. नाही उठला तर तो तुकडा बाजूला. साचा चिमणीच्या काजळीवर धरून आतून काळा करायचा. पहिल्या चारपाच गोळ्या सुरकुतलेल्या निघत, कारण साचा थंड. त्या परत भांड्यात. मग एक अशी निघे की बाबा तिला बोटांत फिरवत आणि म्हणत, "हां." तो हां ऐकायला मी सकाळपासून चुलीपुढे बसलेली असे. गोळ्या गोणपाटाच्या घडीवर टप्‌ टप्‌ पडत. निवल्या की सोनाराच्या जुन्या तराजूत एकेक तोलायची. हलकी भरली म्हणजे तिच्या पोटात पोकळी आहे, आणि पोकळी असलेली गोळी वाट चुकते.

मग बार जमवायचा. आमच्याकडे बार म्हणजे एका वेळी भरलेली दारू आणि गोळी, आणि बार म्हणजे तिचा आवाजही. गावातले बाकीचे बंदूकवाले तळहातावर अंदाजानं दारू ओतत, वर आणखी एक चिमूट टाकत. दणका मोठा झाला की त्यांची छाती फुगे. बाबा म्हणत, "आवाज शेजाऱ्यांसाठी असतो. गोळी आपल्यासाठी." त्यांनी एकाच बांबूची सात मापं कापली होती, एकापेक्षा दुसरं कणभर मोठं. लहानापासून सुरुवात करायची. प्रत्येक मापाचे तीन बार, पन्नास पावलांवर उभ्या केलेल्या फणसाच्या फळीवर, चुन्याच्या ठिपक्याकडे. दोन बारांच्या मध्ये नळी ओल्या फडक्यानं पुसायची, दर वेळी तेवढीच. गजानं गोळी ठासायची, दर वेळी तेवढ्याच जोरानं. गजावर त्यांनी चाकूनं एक खूण केली होती. ती खूण नळीच्या तोंडाशी आली की हात थांबायचा.

गोळीभोवती चिंधी असे, जुन्या धोतराची, मुठेल आणि मेण चोळलेली. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट गोठणारं तेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात ते. बार झाला की धूर ओसरायच्या आत मी धावत जाऊन पडलेली चिंधी उचलून आणायचे. ती अजून गरम असे. चिंधी सगळं सांगते. मध्ये भोक पडलं असेल तर दारू जास्त झाली. फाटली असेल तर कापड पातळ. फक्त मधोमध काळं वर्तुळ आणि कडा जशाच्या तशा असतील तर बार जमला. माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर मी लिहून ठेवी: कितवं माप, कसलं कापड, हवा कोरडी की दमट, फळीवर कुठे लागलं. त्या वर्षी चौथं माप जमलं. तिन्ही गोळ्या एका लिंबाखाली झाकल्या जातील अशा. बाबांनी फळीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

गावभर त्यांच्या नेमाचं नाव झालं. त्याच नेमानं त्यांचा घात केला.

अण्णा हा बाबांचा सख्खा चुलतभाऊ. आमच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. मी त्यांना अण्णाकाका म्हणत असे, अजूनही म्हणते. ते गावचे पोलीस पाटील होते. तालुक्याला एक छापखाना बंद पडला तेव्हा तिथली छपाईची, मिश्र शिशाची अक्षरं पोतंभर आणून त्यांनी वितळवली होती. त्यांच्या गोळ्या चांदीसारख्या चकचकीत आणि टणक. मोठ्या कौतुकानं त्यांनी एक बाबांच्या हातात दिली. बाबांनी नख ओढून पाहिलं, ओरखडा उठला नाही, आणि ती परत केली.

शिमग्याच्या आधी पारध निघाली, डुकरांसाठी. सांबराचं, भेकराचं मटण आमच्या गावात कधी शिजलंच नाही असं मी म्हणणार नाही. कायदा सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळे गप्प असत. बाबा मात्र हरणावर बार टाकत नसत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी रानातून हाका घालणारे उतरत आले, आणि ओढ्याच्या काठानं बंदूकवाले एकेकटे झुडपांआड बसले होते. बाबांच्या पुढच्या वळणावर अण्णाकाका. मी मांगरात सुपाऱ्या निवडत होते. दहाच्या सुमाराला एक बार ऐकू आला. मोठा, फुटका. माझ्या लगेच ध्यानात आलं की हा बाबांचा नाही. बाबांचा बार आखूड आणि कोरडा वाजे, सुकी फांदी मोडल्यासारखा.

दुपारी सांबर आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आलं. बांबूला टांगलेलं, शिंगांचं, खांद्यामागे एकच भोक. त्याच्या अंगाला रानतुळशीचा वास येत होता, चालून आल्यावर माणसाला घामाचा येतो तसा. सगळे बाबांकडे बघून हसत होते. बाबा म्हणाले, माझा बार नव्हे. अण्णाकाका म्हणाले, तात्या आता नाही म्हणणारच. पुन्हा सगळे हसले. बंदुका तपासून काही कळणार नव्हतं. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, बार काढणं. पारध संपल्यावर सगळ्यांनी आपापले बार मातीच्या ढिगाऱ्यात काढले होते. सगळ्या नळ्या सारख्याच काळ्या.

मांस कापताना हाडाशी गोळी सापडली. ती मी मागून घेतली, धुतली आणि मांगरात नेऊन तराजूत टाकली. आमची मऊ गोळी हाडावर आपटली की पापडासारखी पसरते. ही जवळजवळ गोलच होती, आमच्या गोळीपेक्षा हलकी होती, आणि तिच्यावर ओरखडा उठत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याची जीप आली. कोणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पंचनामा आमच्याच खळ्यात झाला. पोलीस पाटील म्हणून अण्णाकाकांना विचारलं गेलं. ते खुर्चीवर बसले होते, आईनं दिलेला चहा त्यांच्या हातात होता. ते म्हणाले, "एवढा नेमका बार तात्यांशिवाय गावात कोणाचा?"

हे वाक्य कागदावर चढलं. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली बसून वहाणा घातल्या आणि जीपमध्ये चढले. बंदूक एका शिपायानं उचलली, ओली चिंधी नळीच्या तोंडात तशीच होती.

गोळी घेऊन मी वकिलाकडे गेले होते. अठरा वर्षांची मुलगी, रुमालात गुंडाळलेली गोळी आणि अर्थशास्त्राची वही. मऊ शिसं आणि टणक शिसं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिच्यावर नाव लिहिलंय का?" पुढे घरं बदलताना ती गोळी कुठे पडली कळलं नाही. वहीही गेली. 

खटला अकरा वर्षं चालला. तारखेच्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून सकाळच्या एसटीनं तालुक्याला जात. अण्णाकाका सरकारी साक्षीदार, त्यांनाही जावं लागे. दोघे एकाच बाकावर बसत. बाबांचा गुडघा दुखे, म्हणून डब्याची पिशवी अण्णाकाका धरत. त्या डब्यात आईनं दोघांपुरत्या भाकऱ्या दिलेल्या असत. हे मी कधी कोणाला सांगू शकले नाही, कारण ऐकणाऱ्याला यात माणुसकी दिसते. मला तो हात दिसतो. बाबांच्या जेवणाची पिशवी धरलेला, चढ आला की घट्ट धरणारा, आणि कोर्टात वर उचलून शपथ घेणारा. माझ्या लग्नात मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडणाराही तोच. मी वाकून त्या माणसाच्या पाया पडले होते.

मांगरात पुन्हा चूल पेटली नाही. थंडी आली की बाबा तिथे जाऊन बसत, काही न करता. बांबूची मापं खुंटीला होती, कोळ्यांनी त्यांच्यात घरं केली. अकराव्या वर्षी बाबा गेले. कागदावर आलं की आरोपी मयत, म्हणून प्रकरण बंद. दोषी नाही, असं कोणी लिहिलं नाही. निर्दोष, असंही नाही. बंदूक ठाण्याच्या माळ्यावर होती. मी जाऊन पाहिली. नळी गंजून आतून फुलली होती. वास घेतला. नुसत्या धुळीचा आला.

हेंकच्या क्लबाची मी सदस्य झाले, कागदपत्रं झाली, चौकशी झाली. हेंककडे आमच्यासारखीच एक बंदूक होती, नळी आतून गुळगुळीत, फक्त दस्ता वेगळ्या लाकडाचा. डिसेंबरपासून शनिवारी सकाळी आम्ही बार जमवायला लागलो. हेंकची पितळी मापं होती, बांबूची नव्हती. बाकी सगळं तेच. आईनं टाचांसाठी पाठवलेली मुठेलाची वडी मी चिंध्यांना चोळली. हेंकनं तिचा वास घेतला आणि त्याला तो आवडला. पहिल्या शनिवारी चिंध्या जळून आल्या. जानेवारीत कापड बदललं. माझी बोटं काळी व्हायची, ट्राममध्ये बायका माझ्या हातांकडे बघायच्या. मिलिंद म्हणाला की तुला छंद लागला ते बरं झालं. मीही त्याला छंदच म्हणत होते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुहास भेटला. सुहास अण्णाकाकांचा मुलगा, इथेच बुइटनव्हेल्डर्टला राहतो, एका बँकेच्या आयटीत आहे. मला ताई म्हणतो. पारधीच्या वर्षी तो बारा वर्षांचा होता आणि मामाकडे कोल्हापूरला शिकत होता. तिळगूळ देताना म्हणाला, "ताई, एप्रिलमध्ये अण्णा येतायत, तीन महिने. तुझी आठवण काढत होते."

त्या शनिवारी मी बार टाकले तेव्हा हात अगदी स्थिर होता. कागदावरच्या काळ्या गोलाला मी अण्णाकाकांचा चेहरा दिला नाही. मला त्याची गरज नव्हती. मी फक्त माप, चिंधी, गज आणि श्वास सांभाळत राहिले. फेब्रुवारीच्या शेवटी एक चिंधी अशी आली की मधोमध काळं वर्तुळ, कडा शाबूत. मी ती हेंकला दाखवली नाही. खिशात घातली.

एप्रिलमध्ये एका रविवारी सुहासनं आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या ऑफिसमधली पुण्याची दोन जोडपी होती. सकाळी ते सगळे अण्णाकाकांना झांडफोर्टच्या वाळूच्या टेकड्यांत फिरवून आले होते. तिथे हरणांचे कळप वाटेवरच चरत असतात, माणसाला भीत नाहीत. अण्णाकाका अठ्ठ्याहत्तरांचे झालेत, हाताला कंप आहे, पण त्या दिवशी रंगात होते. श्रीखंड वाढता वाढता म्हणाले की ही कसली हरणं, सांबर बघायला पाहिजे. आणि त्यांनी गोष्ट सांगितली. ओढ्याचं वळण. हाकारे. झुडपातून आलेला शिंगांचा नर. "एकच बार," ते म्हणाले, "खांद्यामागे. जागेवर बसलं."

सगळ्यांनी वाहवा केली. सुहासनंही. मी चमचा खाली ठेवला. मिलिंदला सगळं माहीत होतं, त्यानं टेबलाखालून माझा हात धरला. अकरा वर्षं जे बाबांच्या गळ्यात गुन्हा म्हणून बांधलं होतं, ते त्यांनी इथे येऊन, समुद्र ओलांडून, पदकासारखं स्वतःच्या छातीवर लावलं होतं. इथे त्यांना ओळखणारं कोणी नाही असं त्यांना वाटलं असावं. किंवा मी तिथे बसले आहे हे त्यांच्या लेखी काहीच नसावं.

मी पाणी प्यायले. मग त्यांना म्हटलं की काका, मी इथे ठासणीची बंदूक चालवते, तुम्ही पुढच्या शनिवारी दाखवाल का सगळ्यांना. ते खुलले. सुहास म्हणाला की मजा येईल, आम्हीही येतो. ट्राममध्ये मिलिंद म्हणाला, "सोड ना आता. म्हातारा माणूस आहे." मी हेंकला फोन करून शनिवारी पाहुणे येणार असल्याचं कळवलं.

शनिवारी अण्णाकाका, सुहास, त्याची बायको आणि एक पुण्याचं जोडपं, सगळे आले. हेंकनं अण्णाकाकांचा पासपोर्ट पाहून नोंद केली आणि तो त्यांच्या शेजारी उभा राहिला. अण्णाकाका एवढ्याशा दारूला हसले. हेंकनं सुरक्षित हद्दीतलं सगळ्यात मोठं माप दिलं. चिंधी त्यांनी घाईनं कोंबली, गज कसातरी दाबला. पंचवीस मीटरवर त्यांचा पहिला बार कागदाच्या कडेला लागला. दुसरा आणि तिसरा कागदालाच लागला नाही. कंप आहे हाताला, ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मला त्यांची दया यायला हवी होती. मी तिची वाट पाहिली. ती आली नाही.

मग मी बंदूक भरली. तीन बार. आखूड, कोरडे. तिसऱ्याचा धूर गेल्यावर हेंकनं दुर्बिणीतून पाहिलं आणि सगळ्यांना पाहायला दिलं. तीन भोकं एका लिंबाएवढ्या जागेत. रिकामी बंदूक मी रॅकवर ठेवली, कारण पुढचं बोलताना मला ती हातात नको होती. तेवढा माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

"अण्णाकाका," मी म्हटलं, "ते सांबर कोणाच्या बारानं पडलं होतं?"

ते हसले. "माझ्या. सांगितलं की त्या दिवशी."

"मग बाबा अकरा वर्षं कोर्टात का गेले?"

सुहास कानावरचं आवाज अडवणारं झाकण काढत होता, त्याचा हात तिथेच राहिला. त्याला लहानपणापासून एवढंच सांगितलं होतं की तात्यांनी शिकार केली आणि ते पकडले गेले. तो वडिलांना म्हणाला, "ते हेच सांबर?"

अण्णाकाकांनी कागदाकडे पाहिलं. मग गावच्या बोलीत म्हणाले, "तात्यान कधी माझा नाव घेतल्यान नाय. तो बोललो नाय, मगे मी कित्याक बोलू?"

इतकी वर्षं मी मनात त्यांना शंभर उत्तरं द्यायला लावली होती. भीती, नोकरी, लहान मुलगा. यातलं हे नव्हतं. बाबांच्या गप्प बसण्यावर त्यांनी स्वतःचं गप्प बसणं ऐसपैस पसरून ठेवलं होतं. मी म्हटलं की मला कारण नको, लिहून द्या.

सुहास चालत गेला आणि वडिलांचा कागद काढून आणला, कडेला एक भोक असलेला. तो उलटा करून बाकावर ठेवला आणि खिशातलं पेन त्यावर ठेवलं. "लिहा, अण्णा," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. अण्णाकाकांनी लिहिलं की सांबर माझ्या गोळीनं पडलं, तात्यांनी बार टाकला नव्हता. खाली सही करू लागले तेव्हा सुहासनं त्यांना थांबवलं आणि आणखी एक ओळ सांगितली. ती त्यांनी लिहिली: कोर्टात मी खोटं सांगितलं.

हेंकनं हळूच विचारलं की सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं. खरंच ठीक होतं. हलकं वगैरे वाटलं नाही. पुष्कळ दिवसांच्या उपासानंतर पोटभर जेवल्यासारखं वाटलं, आणि अजून भूक आहे असंही वाटलं.

घरी येऊन मी कागदाचा फोटो आईला पाठवला. आई चौऱ्याहत्तरची, गावात एकटी राहते. अण्णाकाकांविषयी ती माझ्याशी कधी एक शब्द बोललेली नाही. त्यांच्या घरी ती दर वर्षी पहिले आंबे पाठवते, बाबा असतानाही पाठवी. मला वाटलं, रडेल. तिनं तासाभरानं फोन केला आणि म्हणाली, "फोनातलो कागद नको माका. खरो पाठव. हातात धरूक होयो." मिलिंदचा मित्र पुण्याला जात होता, त्याच्याबरोबर तो दिला, तिथून कुरिअरनं गावी गेला. पोचला का विचारलं तर म्हणाली की पोचला. बाकी काही नाही.

अण्णाकाका तीन महिने राहिले नाहीत. मे संपायच्या आत परत गेले. सुहास मला भेटला तेव्हा म्हणाला की घरात दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानं मला दोष दिला नाही आणि आभारही मानले नाहीत. अजून ताई म्हणतो, पण आधी थोडा थांबून.

जुलैत एका दुपारी मी ट्रामच्या स्टॉपवर उभी होते तेव्हा अण्णाकाकांचा फोन आला. आवाज फार बारीक झाला होता. मागे पावसाचा आवाज होता. म्हणाले, "बाय, तुझी आई रोज सकाळी माझ्या पडवीत येवन बसता. बाकड्यार. कागद मांडयेर घेवन. कोण इलो की त्येका वाचूक देता."

मी विचारलं की ती काही बोलते का.

"काय नाय. च्या दिली तर घेणा नाय. आता लोक माझ्याकडे येणा नाय झालेत. पण ती येता." मग म्हणाले, "तिका सांग मा, येव नको म्हणान."

समोरून ट्राम आली, दारं उघडली, माणसं उतरली, दारं मिटली. मी चढले नाही. शांतपणे, मोठ्यांशी बोलावं तशी बोलले. म्हटलं, "अण्णाकाका, ती माझ्याहून मोठी आहे. मी तिला काय सांगणार?"

त्यांनी फोन ठेवायची मी वाट पाहिली. मग आईला लावला. तिकडे संध्याकाळ होत आली होती, ती दिवाबत्ती करत होती. कोणाचा फोन आला होता ते मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पाऊस किती आहे, वाट निसरडी झाली का, एवढं विचारलं, आणि मग म्हटलं की बाकडं ओलं होत असेल, उद्या जाताना घरून बसायला काहीतरी घेऊन जा.

"पाट नेतय," आई म्हणाली.